आधी दगडावर, मग मशीनमध्ये

आमच्या सासरी वस्तू वापरायला आणत नाहीत, सांभाळायला आणतात. फ्रिज आला तेव्हा त्याच्या दारावरचं कंपनीचं प्लॅस्टिक पिवळं पडून आपोआप गळेपर्यंत कुणी काढलं नाही. सोफ्यावर चादर, त्या चादरीवर जुनी चादर, आणि पाहुणा येताना दिसला की वरची ओढून काढायची. मिक्सरला टोपडं शिवलेलं. मी साताऱ्यात वाढले, नोकरीही साताऱ्यातच केली आणि अजून तिथंच राहते. नवऱ्याचं घर सांगलीकडं, माधवनगरच्या पुढं एका गावात. सणाला, सुट्टीला जायचं, चार दिवस ती टोपडी बघायची आणि परत यायचं, असं लग्नापासून चाललंय. पण कपडे धुवायचं मशीन आल्यावर त्या घरानं जे केलं, ते बघून माझी हसायची ताकदच संपली.

त्या घरात राहतात माझे धाकटे दीर आणि त्यांची बायको. दीर फौजेतून निवृत्त झाले. हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण आमच्याकडं फौजेतून आलेल्या प्रत्येकाला गाव मेजर म्हणतं, आणि हा प्रत्येक जण ते खरं मानून चालतो. मिशीला पीळ, सकाळी अंगणात हात मागं बांधून फेऱ्या, आणि घरात कुणी पाणी प्यायला उठलं तरी "कुठं निघाला?" अशी विचारणा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर सुंभ शाबूत होता, त्यामुळं पिळाचं काय विचारता.

जाऊबाई माझ्यापेक्षा बरीच लहान. मला आक्का म्हणते. तिच्या बोटांचे सांधे सुजायला लागले, सकाळी मूठ मिटेना, मिटली तर उघडेना. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, संधिवाताची औषधं सुरू केली आणि स्पष्ट सांगितलं की गार पाण्यात हात नको, पिळायचं तर अजिबात नाही. आता जपलं तर बोटं शाबूत राहतील. नाही जपलं तर वाकडी होतील आणि एकदा वाकडी झाली की औषधानं सरळ होणार नाहीत. तेव्हा मीही बरोबर होते. मेजरसाहेब खुर्चीत ताठ बसून सगळं ऐकत होते आणि प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. घरी येताच त्यांनी जाहीर केलं, "मशीन आणायचं."

मला तेव्हा त्यांचं कौतुक वाटलं होतं. ते मी इथं लिहून ठेवते, कारण पुन्हा तशी वेळ आली नाही.

मशीन फौजेच्या कॅन्टीनमधून आलं. समोरून काचेचं गोल दार असलेलं, आतले कपडे गरगरताना दिसणारं. ते ठेवलं कुठं? सोप्यात, म्हणजे पाहुणे बसतात त्या पुढच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी. न्हाणीघरात ओल असते, ओलीनं पत्रा गंजतो, असं मेजरांचं म्हणणं. ज्या यंत्राचं सगळं आयुष्य पाण्यात जायचं, त्याला ओलीपासून वाचवायला सोप्यात आणलं. पाण्याची एक नळी खिडकीतून आत आणि घाण पाण्याची दुसरी नळी त्याच खिडकीतून बाहेर. खाली लाकडी पाट, पाटाखाली रबराचे तुकडे. वर फुलाफुलांचं कव्हर. गल्लीतली माणसं बघायला आली, चहा पिऊन गेली. बायकांनी काचेत वाकून बघितलं. जाऊबाईचे हात कसे आहेत हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

पुढच्या सुट्टीत मी गेले तेव्हा सकाळी उठून बघते तर जाऊबाई बाहेर नळाजवळच्या दगडावर बसून कपड्यांना साबण चोळतेय. शर्टाची कॉलर, पायजम्याचे पाय, साडीचा काठ, सगळं घासून, आपटून, गार पाण्यात खळबळून बादलीत टाकतेय. मला वाटलं मशीन बंद पडलं असावं.

"मशीनला काय झालं गं?" मी विचारलं.

"काय न्हाई. चालू हाय की," ती म्हणाली. "हे धुतलं की घालायचं त्यात."

"धुतल्यावर कशाला घालायचं?"

"आवं आक्का, मळकं घातलं तर मशीन घाण हुतंय न्हवं."

हे वाक्य मी आजपर्यंत विसरलेले नाही. मशीन घाण होऊ नये म्हणून कपडे आधी हातानं धुवायचे, मग स्वच्छ कपडे मशीनमध्ये घालून धुवायचे. त्यानंतर मशीनचा ड्रम कोरड्या फडक्यानं पुसायचा, दाराची काच पुसायची, पावडरीचा खण काढून धुवायचा, आणि सगळं झाकून ठेवायचं. म्हणजे जिचे हात वाचवायला मशीन आणलं, तिला पहिलं काम तसंच राहिलं आणि वर मशीनची न्हाणी-पुसणी गळ्यात पडली. नाकापेक्षा मोती जड ही म्हण मी पुष्कळदा ऐकली होती, पण इतका जड मोती कुठं बघितला नव्हता.

नियम अर्थात मेजरांचा. मी त्यांना गाठलं.

"भावजी, मळ काढायलाच असतं हो ते."

"वैनी, तुमाला त्यातलं म्हाईत न्हाई," ते म्हणाले. "मशीनरी म्हंजे नाजूक काम. शेतातला चिखूल आत गेला की बेअरिंग खलास. आमी फौजेत मेन्टेनन्स केलाय. वस्तू जपली तर वस्तू आपल्याला जपती."

बायको वस्तूंमध्ये मोडत नसावी. साताऱ्यातल्या माझ्या घरी मशीन आहे आणि ते रोज मळके कपडे खातं, हे मी त्यांना सांगितलं. तर म्हणाले, "शहरातला मळ येगळा." मातीचीही जात असते हे मला त्या दिवशी समजलं.

रविवारी मेन्टेनन्स असायचा. त्याचा थाट बघण्यासारखा. जुना टूथब्रश, बनियनचं फडकं, पाना, बॅटरी, सगळं एका गोणपाटावर ओळीनं मांडलेलं. मेजर खुर्चीत, हातात बॅटरी, आणि गोणपाटाजवळ खाली बसलेली जाऊबाई. ते उजेड पाडायचे, ती घासायची. "डाव्या बाजूला. त्या कोपऱ्यात. अगं तितं न्हाई, वर." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते शाळेत शिकवताना मुलांना या सोप्यात आणून बसवलं पाहिजे. मशीनच्या खालच्या बाजूला एक लहान झडप असते, तिच्याआड फिरकीचा गाळणा. तो फिरवून काढायचा, त्यात अडकलेला दोरा-कचरा काढायचा आणि परत बसवायचा. महिन्यातून एकदा केलं तरी भागतं. मेजर ते दर रविवारी करवायचे. आणि ती फिरकी पिळायला जोर लागतो तो नेमका बोटांच्या सांध्यांना. जाऊबाई दोन्ही हातांनी धरायची, दात आवळायची, कपाळावर घाम यायचा. एकदा मी पुढं होऊन फिरवून दिली तर मेजर म्हणाले, "तिला करू द्या वैनी, सवय व्हाया पायजे."

एवढं करूनही मशीनला वास मारायला लागला. कुबट, ओल्या गोणत्यासारखा. धुतलेल्या कपड्यांनाही तोच वास. मेजरांनी तपासाअंती निकाल दिला की कपडे दगडावर नीट घासले जात नाहीत, मळ आत जातो, त्याचाच हा वास. झालं, घासणं आणखी वाढलं. मी काचेचं दार उघडलं आणि दाराभोवतीच्या रबराची घडी बोटानं उलटली. आत काळीकुट्ट बुरशी, तिच्यात साचलेलं पाणी आणि एक बटण. कपडे काढल्या काढल्या दार घट्ट लावून वर ते फुलाफुलांचं कव्हर चढवलं, तर आतली ओल जाणार कुठं? मी कापडानं घडी पुसली, ड्रम रिकामा ठेवून गरम पाण्यावर एकदा फिरवला आणि सांगितलं की धुणं झालं की दार थोडं उघडं ठेवा, कव्हर नका घालू. वास गेला.

मेजर म्हणाले, "दार उघडं ठिवलं तर पाल शिरती." आणि कव्हर परत चढवलं. चोराच्या उलट्या बोंबा ऐकायच्या तर फार लांब जावं लागत नाही. वास आला, की दोष तिच्या घासण्याचा. माझा नवरा तिथंच पेपर वाचत बसला होता. मी त्याच्याकडं बघितलं तर म्हणाला, "त्यांच्या घरातलं ते बघतील, तू कशाला मधे पडतेस." ही दोन्ही भावंडं एकाच आईची, ते लपून राहत नाही. एक हुकूम सोडतो आणि दुसरा पान उलटतो.

जाऊबाई मात्र तक्रार करत नव्हती. मला त्याचाही राग यायचा. "आणलंय तरी न्हवं का," एवढंच म्हणायची. तिच्या हातून भाकरी थापणं सुटलं होतं, आता पोळपाटावर कशीबशी लाटायची. केसांचा अंबाडा तिला बांधता येईना. मी गेले की सकाळी फणी घेऊन माझ्यापुढं येऊन बसायची, लहान मुलीसारखी. मी केस विंचरताना तिच्या मांडीवरचे हात बघायचे. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हळूहळू तळव्याकडं वळायला लागलं होतं. डॉक्टरांनी पुन्हा बजावलं होतं की हा हिवाळा सांभाळा, नाहीतर ही दोन बोटं गेली म्हणून समजा. मेजरांनी त्याही वेळी मान हलवली होती.

मग दसरा आला. आमच्याकडं घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं धुवायचं असतं. त्याला दसरा काढणं म्हणतात. अंथरुणं, पांघरुणं, चादरी, जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या जड वाकळा, एकही चिंधी मळकी राहता कामा नये. मी मुद्दाम रजा टाकून आधी गेले. म्हटलं, एकेक वाकळ मशीनमध्ये घालू, लागले चार दिवस तर लागले.

"वाकळ?" मेजर मशीनपुढं असे उभे राहिले की जणू मी सीमेवरून आत शिरतेय. "वैनी, ड्रम बसंल खाली. वाकळा कॅनॉलवरच धुवायच्या. पिढ्यान् पिढ्या तितंच धुतल्यात."

चादरी तरी? चादरी एका अटीवर. आधी दगडावर.

तेव्हा गेलो कॅनॉलवर. ट्रॉलीत वाकळांचे बोचके, बोचक्यांवर आम्ही दोघी. मी तिला सांगितलं, तू नुसती काठावर बस, मी आपटते. पण ओली वाकळ एकटीला पिळता येत नाही. दोन टोकांना दोघी लागतात, एकीनं उजवीकडं पीळ द्यायचा, दुसरीनं डावीकडं. ती उठली. "धरते की आक्का," म्हणाली. मी पीळ दिला आणि तिच्या हातातलं टोक सुटलं. तिच्याकडचं टोक पाण्यात पडलं, त्या जडपणानं माझ्या हातातलंही ओढलं गेलं आणि वाकळ पसरून वाहत निघाली. मी काठानं धावले, पुढं एका बाप्यानं काठीनं अडवून काढली. परत आले तर जाऊबाई तिथंच उभी, हात पुढं धरलेले.

"आक्का, सुटली ते मला कळलंच न्हाई," ती म्हणाली. "मला वाटत हुतं मी धरलीया."

आणि रडायला लागली. तिला रडताना मी पहिल्यांदा बघितलं. वाटलं, घरी जावं आणि ते मशीन पाटावरून ढकलून द्यावं अंगणात.

ढकललं काही नाही. खंडेनवमीला त्याची पूजा झाली. ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, कोयते, विळे आणि सोप्यातलं मशीन, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा. हत्यारांची पूजा करायची आमची रीत चांगलीच आहे, ज्याच्यावर पोट चालतं त्याला वर्षातून एकदा हात जोडावेत. पण ज्या दगडावर घरातलं खरं धुणं होत होतं, त्याला कुणी फूल वाहिलं नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी लोक सोनं द्यायला आले. आपट्याची पानं हातात ठेवायची, मोठ्यांच्या पाया पडायचं, चहा-फराळ घ्यायचा. सोपा माणसांनी भरला आणि मेजरांना चेव आला. माळ घातलेल्या मशीनचं दार उघडून ते एकेकाला आतला ड्रम दाखवत होते. "बघा, नव्यासारखा हाय का न्हाई? एक डाग दावा." लोक वाकून बघत होते आणि वाहवा करत होते.

"असा मेन्टेनन्स कुठं शिकलात मेजर?" कुणीतरी विचारलं.

"फौजेत. तितं सगळं टिपटाप लागतंय. इन्स्पेक्शनला कपड्यावर एक सुरकुती दिसली तर शिक्षा."

मी कोपऱ्यात बसले होते. मला खरोखरच प्रश्न पडला म्हणून विचारलं, "मग तिथं तुमचे कपडे कोण धुवायचं, भावजी?"

"कोन म्हंजे?" मेजर छाती काढून म्हणाले. "आपलं आपन! धोबी असतोय, पर त्याच्या हाताला आपली सफाई यील व्हय? सगळी नोकरी मी माझी वर्दी ह्या हातांनी धुतली. हिमाच्या पान्यात धुतली. खळ घालून, इस्त्री करून. आमच्या तुकडीत माझ्यागत कपडं कुनाचंच नसायचं."

"वा मेजर," लोक म्हणाले.

जाऊबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. दोन्ही तळव्यांवर ट्रे तोलून, कारण बोटांनी धरता येत नव्हता. सुट्टीवर आल्यावर त्यांच्या ट्रंकेतले कपडे ती इतकी वर्षं धूत आली होती. निवृत्तीनंतर तर रुमालसुद्धा. त्यांना धुणं येतं, आणि उत्तम येतं, हे तिला त्या दिवशी भर सोप्यात, पाहुण्यांसमोर कळत होतं. तिनं ट्रे माझ्यापुढच्या स्टुलावर ठेवला आणि आत गेली. चहा मीच वाटला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मेजर उसाला पाणी पाजायला गेले होते. उजाडल्यावर परत आले ते गुडघ्यापर्यंत चिखलानं भरून. कपडे बदलून त्यांनी मळके कपडे नेहमीसारखे नळाजवळ टाकले आणि चहा मागितला. जाऊबाईनं चहा दिला. मग बाहेर जाऊन बाकीचे सगळे कपडे उचलून बाजूच्या बादलीत घातले, दगडावर फक्त मेजरांचे ठेवले. वर साबणाची वडी ठेवली.

"हे काय?" मेजर म्हणाले.

"तुमचं कपडं हायत," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुमच्या हाताला सफाई हाय. माझ्यानं आता न्हाई हुत."

मी सोप्याच्या पायरीवर मेथी निवडत होते. एकही पान निवडायचं सुचेना. मेजर ओरडतील असं वाटलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं पेपर वर केला. मेजर कपड्यांजवळ गेले, उकिडवे बसले, वडी हातात घेतली. तेवढ्यात रस्त्यानं दूध घालायला निघालेली दोघं-तिघं जण दिसली. नळाजवळचा दगड रस्त्यावरून सरळ दिसतो. त्यांच्यातल्या एकानं हाक मारली, "राम राम मेजर!"

मेजर ताडकन उठले. कपडे दोन्ही हातांनी कवटाळून सोप्यात आले, पायरीवर चिखलाचे थेंब सांडत. मशीनची झेंडूची माळ बाजूला सारली, काचेचं दार उघडलं आणि तो सगळा चिखल, गवत, उसाची पाचट चिकटलेले पायजमे, जसेच्या तसे आत कोंबले. ना दगड, ना घासणं, ना खळबळणं. पावडर ओतली, बटण दाबलं आणि हात झटकले.

पाणी आत आलं आणि काचेआड काळंशार झालं. ड्रम फिरत राहिला. बेअरिंग गेलं नाही, पत्रा गंजला नाही, मशीन कुरकुरलंसुद्धा नाही. थोड्या वेळानं दुसरं पाणी आलं, ते तांबूस होतं. मग तिसरं आलं, ते स्वच्छ.

जाऊबाई दाराला टेकून उभी राहून हे सगळं बघत होती.

"म्हंजे चालतंय व्हय तसंच?" तिनं विचारलं.

"न चालाया काय झालं?" मेजर खुर्चीत बसत म्हणाले. "मशीन कशाला आणलंय मग?"

मी पायरीवरून उठले. तोंडात आलेली शिवी माझ्या साताऱ्याच्या तोंडाला शोभली नसती, पण मी ती दिली, आणि मोठ्यानं दिली. जाऊबाईचं तिकडं लक्ष नव्हतं. ती काचेतल्या स्वच्छ पाण्याकडं बघत डाव्या हातानं उजव्या हाताची करंगळी सरळ करून बघत होती, आणि ती होत नव्हती.